उजवीकडची पट्टी

अण्णा,

आज सकाळी मी घाटावर एक वर्षश्राद्ध सांगितलं आणि संकल्पापासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं टॅबवर बघून सांगितलं. टॅब म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात बटणांचा एकच फोन होता आणि तोही तुम्ही फक्त यजमानांचे निरोप घ्यायला उचलायचात. टॅब म्हणजे पाटीएवढी काच. तिच्यात लिहिता येतं, वाचता येतं, बोटाने पान सरकवता येतं. आता पंचवटीतले बरेच गुरुजी मोबाइल समोर ठेवूनच बसतात, यजमानांनाही त्याचं काही वाटत नाही. पण तुमचा मुलगा तसा बसला हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, मीच सांगावं, असं वाटलं.

तुम्ही मला शिकवलंत ते आठवतं. स्वयंपाकघरात पाटावर तुम्ही, समोर मी, आणि पाठमोरी आई पोळ्या लाटतेय. तुम्ही एक चरण म्हणता, मी तो दोनदा म्हणतो. माझा स्वर घसरला की तुम्ही बोलत नाही, नुसती भुवई वर जाते आणि मी मागे जाऊन पुन्हा सुरू करतो. पुस्तक मध्ये नाही. पुस्तक फळीवर, कापडात बांधलेलं, शंका आली तरच उतरवायचं, आणि तुम्हाला शंका येत नसे. मी नववीत असताना तर्पणातल्या नात्यांचा क्रम माझा चुकायचा म्हणून एकदा तळहातावर बॉलपेनने लिहून आणलं होतं. तुम्ही यजमानांसमोर काही बोलला नाहीत. ते उठून गेल्यावर माझं मनगट धरलंत आणि हात नदीच्या पाण्यात दाबून ठेवलात, शाई जाईपर्यंत. थंडीचे दिवस होते. घरी येताना म्हणालात, "लिहिलेलं धुतलं जातं. आत असेल तेवढंच आपलं." पुढे मी कधी काही लिहून नेलं नाही. वीस-बावीस वर्षं नेलं नाही. आणि मग आतलंही धुतलं गेलं.

मागच्या वर्षी आडगाव नाक्याजवळ स्कूटरसमोर कुत्रं आलं. मी ब्रेक दाबला, चाक घसरलं, डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा मला सगळी माणसं ओळखू येत होती, रस्ते माहीत होते, भाजीचे भावही बोलता येत होते. पाठांतरात मात्र भोकं पडली होती. चाल आठवायची आणि शब्द नाही. म्हणजे गळा पुढे जायचा, कुठे चढायचं कुठे उतरायचं ते त्याला माहीत, पण तोंडात काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, काही परत येईल, काही येणार नाही, कोणतं काय ते आज सांगता येत नाही. मी घरात कोणाला हे धड सांगितलं नाही. वाटलं, कामाला लागलो की जीभ आपोआप वळेल.

ती वळली नाही. इंदिरानगरात एका फ्लॅटची वास्तुशांत होती. सोबत काका होते, तेच, ज्यांच्या शेजारी तुम्ही आयुष्यभर घाटावर बसलात. पुण्याहवाचन चाललेलं. नवराबायको हातात कलश धरून माझ्याकडे बघतायत आणि माझ्याकडे पुढचा शब्द नाही. मी खोकलो. पाणी मागितलं. पाणी प्यालो तरी शब्द आला नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिथून पुढे स्वतः मोठ्या आवाजात सुरू केलं, जणू तसंच ठरलेलं होतं. जिना उतरताना म्हणाले, "जरा आराम कर. डोक्याचा मार आहे, घाई नको." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर त्यांनी मला एकाही कामाला बोलावलं नाही, आणि बाकीच्यांनीही हळूहळू बोलावणं सोडलं. आपल्या गल्लीत अशी बातमी सांगावी लागत नाही.

छापील पुस्तक घेऊन बसायला मी तयार झालो, तुमची भुवई डोळ्यांपुढे येत असूनही. तेही जमेना. पानावर नजर असेपर्यंत वाचता यायचं. यजमानाकडे बघून "आता उजव्या हातात पाणी घ्या" म्हणालो आणि परत पानाकडे आलो की सगळ्या ओळी सारख्या. कुठे होतो ते सापडायचं नाही. बोट ठेवावं तर हाताला दुसरं काम असतं. मी एकटाच देवघरात बसून सराव करायचो, दार लोटून, आणि घामाघूम होऊन उठायचो. एका रविवारी दुपारी तुमच्या सुनेने दार उघडलं. ती सातपूरला एका पॅकिंगच्या कंपनीत खोक्यांवरची अक्षरं मांडायचं काम करते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही होतात तेव्हा ती फक्त घर बघत होती. ती काही वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक नीट सांगा. तुमचं हरवतं काय? शब्द की जागा?"

मी म्हटलं, "पुस्तक समोर असेल तर जागा."

"मग जागेला खूण करू."

तिच्या ऑफिसातल्या टिपणांसाठी ती एक अ‍ॅप वापरते. त्यात साधंच लिहायचं असतं, पण लिहिताना काही चिन्हं घालायची. ओळीच्या सुरुवातीला हॅश घातला की ती ओळ मथळा होते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या घातल्या की तो शब्द ठळक होतो. ओळीआधी उजवीकडे तोंड केलेला कोन दिला की ती ओळ वेगळ्या उताऱ्यासारखी आत सरकते. मार्कडाउन म्हणतात त्याला. वाचताना चिन्हं दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो. आणि तो परिणाम कसा दिसावा, कोणत्या चिन्हाला कोणता रंग, केवढं अक्षर, कुठे रेघ, हे आपल्याला ठरवता येतं. त्यासाठी एक वेगळी छोटी फाईल असते, ती अ‍ॅपला जोडून चालू करायची. तुम्ही हसाल, पण मला ऐकताना फळीवरच्या त्या जुन्या हस्तलिखिताची आठवण झाली, ज्यात अध्याय संपतो ती ओळ हिंगुळाने लाल केलेली आहे. कोणा पूर्वजालाही जागा हरवायची भीती वाटली असेल.

मग जेवणाच्या टेबलावर आमचं काम सुरू झालं. पुस्तकं उतरवली. मी एकेक ओळ टाइप करायचो, स्वतःच्या बोटाने. तिने तसाच हट्ट धरला होता. हॅशनंतर जागा सोडायची राहिली की मथळा होतच नाही, चिन्हासकट उघडा पडतो, हे मी कितीदा तरी चुकून शिकलो. दिसण्याची बाजू तिची. मंत्राचं अक्षर मोठं आणि काळंभोर. मी यजमानाला जे करायला सांगायचं ते लहान, विटकरी रंगात. यजमानाने माझ्यामागून म्हणायचं ते फिक्या पिवळ्या पट्ट्यावर. पहिल्यांदा तिने ठळक शब्द जाड केले तर जोडाक्षरांच्या पोटातली पोकळी बुजली, 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसायला लागले. तिने जाडपणा काढला आणि शब्दाच्या मागे रंग भरला. ओळी जवळ आल्या तर वेलांट्यांचे आणि रफारांचे माथे कापले जायचे. तिने ओळींमधलं अंतर वाढवलं. प्रत्येक बदलानंतर ती म्हणायची, "दाराकडे बघा. आता परत या. कुठे आहात?" आणि मला पटकन सापडलं नाही की माझ्या कपाळाची शीर उडायची. एकदा मी टॅब सरकवून दिला आणि म्हटलं, "मी काय पहिलीतलं पोर आहे?" तिने रंग बदलला, टॅब परत माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "दाराकडे बघा."

श्राद्धाच्या प्रयोगात, विधीच्या त्या लिहिलेल्या क्रमात, मला सगळ्यात भीती होती ती सव्य-अपसव्याची. देवांचं सव्याने आणि पितरांचं अपसव्याने, आणि ते मध्येमध्ये बदलत राहतं. ते तिला मी जानवं काढून समजावून सांगितलं. डाव्या खांद्यावर ते सव्य, उजव्या खांद्यावर ते अपसव्य. तिने विचार केला आणि दोन वेगळ्या चौकटी केल्या. सव्याच्या भागाला डावीकडे उभी केशरी पट्टी. अपसव्याच्या भागाला उजवीकडे उभी निळी पट्टी आणि मागे किंचित राखाडी. पान उघडलं आणि मी दाराकडे न बघताच सांगितलं की हे जमलं. पट्टी ज्या बाजूला, जानवं त्या खांद्यावर. शब्द वाचायचीही गरज नाही. त्या दिवसानंतर मी पुन्हा बाहेर पडलो. लहानसहान कामं, ओळखीच्यांकडची. नजर परत आली की जागा तिथेच असायची.

आणि मग त्या बाईंचा फोन आला. ओझरच्या विमान कारखान्यात त्या नोकरीला आहेत, मूळ दिंडोरीकडच्या. वडील जाऊन वर्ष होत आलेलं. सख्खा भाऊ नाही, लग्न केलेलं नाही, वडिलांचं, नानांचं, शेवटचं आजारपण त्यांनीच काढलेलं. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "गुरुजी, तुमच्याकडे बाईला बसवतात का? दोन ठिकाणी नाही म्हणाले. तुम्हीही नाही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा, मला वाईट नाय वाटणार." मी म्हटलं, उद्या सांगतो. फोन ठेवला आणि तुमचा तो दिवस आठवत बसलो.

तो दिवस तुमच्याही लक्षात असेल असं मला नेहमी वाटत आलंय. मी तेव्हा तुमच्या हाताखाली पळी-पंचपात्र मांडायचो. एक बाई वडिलांच्या अस्थी घेऊन एकटीच आलेली. कुठून तरी लांबून, रात्रभराच्या प्रवासाने चेहरा सुजलेला. तुम्ही विचारलंत, "बरोबर कोणी पुरुष नाही?" ती म्हणाली, "मीच आहे." तुम्ही मान हलवलीत. ती हात जोडत नव्हती, रडत नव्हती, फक्त उभी होती. शेवटी स्टँडवरून तिला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याला तुम्ही बोलावलंत. त्याने चप्पल काढली, हात धुतले, बसला. तुम्ही त्याच्याकडून त्या अनोळखी म्हाताऱ्याचं सगळं करून घेतलंत, आणि ती दोन पायऱ्या वर बसून बघत राहिली. नाव विचारलं की ती वरून सांगायची आणि रिक्षावाला इथे म्हणायचा. दक्षिणा तुम्ही घेतली नाहीत. घरी जेवताना मी विचारलं, "तिने केलं असतं तर काय झालं असतं?" आईचा हात भातावर थांबला. तुम्ही म्हणालात, "शास्त्र आपल्या सोयीने वळत नाही. पुन्हा मला हे विचारू नकोस." पण तुम्ही त्या दिवशी ताक न घेताच उठलात, आणि ताकाशिवाय उठलेले मी तुम्हाला दुसऱ्यांदा पाहिले नाही.

मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंना हो म्हणालो. फार मोठा विचार करून म्हणालो असं नाही. मला कामाची गरज होती, आणि नाही म्हणायचं म्हटलं की मला तो रिक्षावाला दिसायचा, दुसऱ्याच्या बापासाठी मान खाली घालून बसलेला. होय म्हटल्यावर प्रयोग उघडला आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रत केली. संकल्पात 'गोत्रोत्पन्नः' हे पुरुषाचं रूप होतं, तिथला विसर्ग काढून काना दिला. 'उत्पन्ना.' 'करिष्ये' तर तसंच राहतं, ते करणारा कोण ते विचारत नाही. असे थोडेच शब्द बदलावे लागले. बदललेल्या प्रत्येक जागी मागे हिरवा रंग भरला. ते करताना एक गोष्ट लक्षात आली. माझं पाठांतर शाबूत असतं तर मी हे करू शकलो नसतो. जीभ सवयीने विसर्गावरच गेली असती, कितीही ठरवलं तरी. आता माझ्या तोंडात काहीच तयार नव्हतं, त्यामुळे समोर जे लिहिलेलं असेल तेच येणार होतं.

आज सकाळी घाटावर पोचलो तेव्हा काका त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेले होते, आमच्यापासून हाताच्या अंतरावर. त्यांचा यजमान अजून यायचा होता. त्यांनी टॅब पाहिला, बाई पाहिल्या, त्यांच्या खांद्यावर जानव्याच्या जागी कोरं उपरणं पाहिलं आणि नदीकडे तोंड केलं. बाईंबरोबर त्यांचा चुलतभाऊ होता. तो पायरीवर हाताची घडी घालून उभा. मी दर्भ मांडत असताना तो पुढे आला. "गुरुजी, नाव तिचं घ्या, पण बसतो मी. गावाकडं लोक विचारतील, काय सांगायचं?"

बाईंनी वर न बघता सांगितलं, "नानांना रात्रीतून चारदा उठवायला लागायचं, तेव्हा तू 'मी बसतो' असं नाय म्हणालास."

"तो विषय वेगळा हाय."

"तोच विषय आहे."

तो मागे सरकला, पण गेला नाही. त्याची सावली टॅबवर पडत होती. मी आचमन सुरू केलं. संकल्प आला, हिरवा रंग आला आणि मी 'उत्पन्ना' म्हणालो, स्पष्ट, आवाज न दाबता. काकांची मान किंचित वळलेली मला दिसली. बाई माझ्यामागून म्हणत होत्या, जरा अडखळत, पण प्रत्येक अक्षर. नानांचं नाव घेताना त्या थांबल्या आणि मग ते सलग, मोठ्याने घेतलं. तिथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग भाताचे पिंड करायला त्यांना वेळ लागला. मी बघत बसलो, काच काळी झाली. परत उघडली तर पान दुसरंच होतं. म्हणजे प्रयोग तोच, पण रंग गेलेले. पांढऱ्यावर बारीक अक्षर, सगळ्या चौकटी एकाच फिक्या निळ्या रंगाच्या, सगळ्यांना डावीकडे तशीच बारीक रेघ. मंत्र कोणता, सूचना कोणती, बाईंनी म्हणायचं कोणतं, काही कळेना. मी बोटाने वर गेलो, खाली आलो.   इंदिरानगरातला तो कलश, ते नवराबायको, सगळं डोळ्यांपुढे. पण या वेळी पुढे ओढून नेणारं सोबत कोणी नव्हतं, आणि मागे एक माणूस वाट बघत होता, की कधी चुकतायत आणि कधी आपण म्हणतो, बघ, म्हणूनच सांगत होतो.

"काय झालं गुरुजी?" बाईंनी हळू विचारलं. त्यांच्या हातात पिंड होता, वर तीळ.

"काही नाही," मी म्हणालो. एक मंत्राची ओळ ओळखीची वाटली, ती धरली, आणि पिंड दर्भावर ठेवायला सांगणार, त्यांचा हात पुढे झालाही, इतक्यात शेजारून आवाज आला. मोठा नव्हता. नदीकडे तोंड करूनच काका म्हणाले, "अपसव्य."

मी बघितलं. उपरणं डाव्याच खांद्यावर होतं. बाईंचा हात हवेत. मी म्हटलं, "थांबा. पिंड ताटात ठेवा. उपरणं उजव्या खांद्यावर घ्या." त्यांनी घेतलं. भावाच्या लक्षात काही आलं नाही. त्याला ते विधीतलंच वाटलं असावं. 'अपसव्य' हा शब्द पानावर होता, अण्णा, चौकटीच्या डोक्याशी, राखाडी बारीक अक्षरात. पण माझी नजर शब्द शोधतच नव्हती. ती उजवीकडची पट्टी शोधत होती, आणि पट्टी नव्हती.

तेवढ्या थांबण्यात मला एक सुचलं. कोपऱ्यात पेन्सिलीचं चित्र असतं, ते दाबलं की पान लिहिताना जसं होतं तसं उघडं होतं, सगळ्या चिन्हांसकट. ते दाबलं. रंग आले नाहीत, पण माझे हॅश आले, माझ्या चांदण्या आल्या, कोन आले. एकेक मी स्वतः ठोकलेला होता, काही ठिकाणी दोनदा. कोन दिसला की बाईंनी म्हणायचं. चांदण्या दिसल्या की मी करायला सांगायचं. बाकी मंत्र. नजर वर उचलली की मी अंगठा काचेच्या कडेला ओळीच्या बरोबरीने दाबून ठेवत होतो, आणि परत आलो की तिथून. गती कमी झाली. एक ओळ मी दोनदा म्हटली. पिंड ठेवले गेले, तीळपाणी झालं, प्रत्येक बदलाला मी आधी चौकटीचा शब्द वाचला आणि मगच तोंड उघडलं. काका पुन्हा बोलले नाहीत. त्यांचा यजमान येऊन बसला होता, तरी ते त्याला "जरा थांबा" म्हणाले, आणि आमचं शेवटचं पाणी सोडून होईपर्यंत त्यांनी त्यांचं सुरू केलं नाही.

बाई उठल्या तेव्हा त्यांचे पाय बधिर झाले होते. भावाने न सांगता हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. पिंड त्याच घेऊन पाण्यात उतरल्या. वर आल्यावर मला नमस्कार करून म्हणाल्या, "मधे तुम्ही थांबलात, तेव्हा मला वाटलं, तुम्ही आता नाही म्हणणार." मी म्हटलं, "जागा हरवली होती. सापडली." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

हात धुवायला गेलो तर काका तांब्या घेऊन आले. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. म्हणाले, "तुझा बाप असता तर उठून गेला असता."

मी दुसरा हात पुढे केला.

"पण अपसव्य सांगून गेला असता." आणि मग, तांब्या पालथा करत, "शनिवारी मखमलाबादला सत्यनारायण आहे. माझा घसा बसलाय. ते यंत्र घेऊन ये."

संध्याकाळी तुमच्या सुनेने टॅब बघितला. अ‍ॅप पहाटे घरच्या वायफायवर आपोआप नवीन झालं होतं आणि तिची फाईल त्यात बंद पडली होती. सकाळी निघताना मी प्रयोग उघडला तो आधीचाच उघडा राहिलेला होता, म्हणून रंग होते. घाटावर काच झोपून उठली तेव्हा नवं अ‍ॅप चालू झालं. तिने एक बटण सरकवलं, पट्ट्या परत आल्या. आपोआप बदलायची सोय तिने बंद करून टाकली आणि काही वेळ स्वतःवरच चिडून बसली. मी तिला काकांचं सांगितलं. ती म्हणाली, "चौकटीच्या डोक्यावरचा शब्द मीच बारीक केला होता. पट्टी आहे तर कशाला, म्हणून. तो मोठा करते." आणि केला. आता पट्टीही आहे आणि शब्दही आहे, तळहाताएवढा.

हे सगळं मी त्याच अ‍ॅपमध्ये लिहितोय. ती पोळ्या करतेय. मघाशी तिने आतून विचारलं, काय टाइप करताय एवढं, तर मी म्हटलं शनिवारची तयारी. हॅश नाही, चांदण्या नाहीत, कुठे रंग नाही. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही आणि पाठवायला तुमचा पत्ता नाही.

तुमचं बरोबर होतं की नाही यावर मी वाद घालत नाही. आज तुम्ही समोर असतात तर मी घातलाही नसता, मुकाट्याने त्या भावाला बसवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून एवढं एक लिहून ठेवतो. बाई उपरणं घेऊन समोर बसल्या आणि मी हिरव्या शब्दापाशी पोचलो, तेव्हा तुम्ही हयात नाही याचं मला बरं वाटलं. तुम्ही गेल्यापासून असं कधीच वाटलं नव्हतं.